मेगाब्लॉकला शिव्या घालणाऱ्यांनो, खिडकीबाहेर बघा

आज डोंबिवलीहून ठाण्याला येताना जे पाहिलं, त्याने अजून डोकं ठणकतंय. रविवार, रुळांच्या दुरुस्तीसाठी घेतलेला ब्लॉक, स्लो गाड्या फास्ट लाइनवर वळवलेल्या. कळवा सोडल्यावर गाडी रांगत होती आणि शेजारच्या रुळापाशी नारिंगी जॅकेटातली, रूळ दुरुस्त करणारी गँग पहारी आडव्या धरून, आमची गाडी जायची वाट बघत उभी होती. पुढच्या डब्याच्या दारातून एकाने अर्धी भरलेली बाटली त्यांच्यावर भिरकावली. एका काकांच्या खांद्याला लागली. आणि आमच्या लेडीज डब्यात दोघीजणी हसल्या!

लाज कशी वाटत नाही?

माझा मामा गँगमन होता. ह्याच पट्ट्यात, भर पावसात, शेजारच्या लाइनवरून मेल धडधडत चालली होती. त्या आवाजात मागून येणारी लोकल त्याला ऐकूच आली नाही. मेटने, म्हणजे गँगच्या मुकादमाने, कॉलर धरून ओढला म्हणून वाचला. त्या दिवशी त्याने डबा न उघडताच घरी आणला होता. मामीने काय झालं विचारलं तर म्हणाला, भूक नव्हती.

लोकांना वाटतं ब्लॉक म्हणजे सगळं बंद, हे आरामात काम करतात. अहो, बंद असते ती त्यांची लाइन. शेजारच्या लाइनवरून तुम्ही-आम्ही जातच असतो ना? २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाइन सुरू झाली, आपण सगळे खूश झालो. पण रुळांवर काम करणाऱ्याला आता आणखी दोन लाइनींकडे लक्ष ठेवावं लागतं. डोक्यावर २५ हजार व्होल्टची तार. पहार उभी धरून चालायची सोय नाही. तारेला हात लागायलाच हवा असंही नाही, नुसतं फार जवळ गेलं तरी माणूस संपतो.

जानेवारी २०२४ मध्ये वसई-नायगावच्या मध्ये सिग्नलचं काम करायला गेलेले तीन रेल्वे कर्मचारी लोकलखाली गेले. किती जणांना आठवतंय?

मान्य, घोषणा धड ऐकू येत नाहीत आणि रविवारी परीक्षा असलेल्या पोरांचे हाल होतात. पण म्हणून बाटल्या मारायच्या?

मामा एकच गोष्ट सांगायचा. गँगमध्ये एक माणूस फक्त गाडी बघायला हवा. हातात झेंडे, तोंडात शिट्टी, दुसरं काम नाही. शिट्टी वाजली की अवजारं रुळावरून उचलायची आणि सगळ्यांनी एकाच बाजूला व्हायचं, पलीकडच्या लाइनवर पाय ठेवायचा नाही. माणसं कमी पडली की त्याच लुकआऊटवाल्याच्या हातात फावडं द्यायचा मोह होतो, आणि तिथेच घात होतो. मेटला गाडी दिसली म्हणून मामा राहिला. मेटचं लक्ष त्या क्षणी खडीकडे असतं तर? आता काही ठिकाणी गाडी येतेय हे आधी कळवणारं ‘रक्षक’ नावाचं यंत्र आलंय. ते प्रत्येक गँगकडे हवं, आणि तरीही शिट्टीवाला माणूस हवाच.

१८५३ साली पहिली गाडी ठाण्यात आली म्हणून आपण केवढी छाती फुगवतो! ती गाडी ज्या रुळांवर धावते ते नीट ठेवणाऱ्याला दोन तास सुखाने काम करू देणं जमत नाही आपल्याला.

लोकलच्या दारात उभ्या राहणाऱ्या तुमच्या पोरांना आज रात्री हे वाचून दाखवा. आणि पुढच्या रविवारी ब्लॉकच्या नावाने शंख करायचा असेल, तर तो माझ्या वॉलवर करू नका.