प्रोजेक्टच तर आहे ना

गेल्या रविवारी घरच्या ग्रुपवर दादाने लिहिलं, "अगं प्रोजेक्टच आहे, पीएचडी नाहीये, तिथे बसून आम्हाला शिकवू नकोस." त्याखाली तीन काकांचे अंगठे. चार दिवस झाले, भांडी घासताना पण तेच डोक्यात.

झालं असं की भाची टीवायला आहे, पुण्यातच, प्रोजेक्टला विषय घेतलाय पानशेतचा पूर. कॉलेजने सांगितलंय २५ संदर्भ पाहिजेत आणि विकिपीडिया चालणार नाही, बस. मग पोरीने एआयकडून यादी करून घेतली आणि मला पाठवली, आत्या बघ ना म्हणून. त्यातली दोन पुस्तकं मला कुठल्याच लायब्ररीच्या कॅटलॉगमध्ये सापडेनात, आणि सात वेबसाइट्स अशा की एकीने दुसरीचं उचललेलं, शुद्धलेखनाची चूकसुद्धा तीच. मी ग्रुपवर एवढंच म्हणाले की एकच गोष्ट सात जणांनी कॉपी केली म्हणजे सात साक्षीदार होत नाहीत. यात काय शिकवलं मी?

मी कॅनडात, स्कारबरोला कॉलेजच्या लायब्ररीत रेफरन्स डेस्कवर बसते. इथली पोरं जन्मतः हुशार नसतात, रीडिंग वीकच्या, म्हणजे सेमिस्टरमधल्या सुट्टीच्या आधी तीच रड असते. पण पहिल्याच सेमिस्टरला आम्ही त्यांच्याकडून करून घेतो ते हे, की साइट दिसायला कशी आहे ते सोडा, दुसरा टॅब उघडा आणि तिच्याबद्दल बाकीचे काय म्हणतात ते बघा. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १० इतिहासकार, १० फॅक्ट-चेकर आणि २५ विद्यार्थ्यांना वेबसाइट्स तपासायला दिल्या होत्या. इतिहासकार आणि विद्यार्थी त्याच पानावर रेंगाळले, लोगो आणि भारदस्त नावाला फसले. फॅक्ट-चेकर लगेच पानाबाहेर पडून शोधायला लागले आणि कमी वेळात बरोबर निघाले. इतिहासकार फसले, मग वीस वर्षांच्या पोरीला "विकिपीडिया नको" एवढंच सांगून काय होणार? उलट विकिपीडियाच्या लेखाखाली संदर्भ असतात, तिथून सुरुवात करून मूळ कागदापर्यंत जाता येतं.

आणि प्रोजेक्टच आहे म्हणे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात वकिलांनी एआयने रचलेले खटले दाखले म्हणून दिले, ५,००० डॉलर दंड झाला. त्यांनाही कॉलेजात कोणीतरी प्रोजेक्टच आहे म्हणालं असेल असं मला खरंच वाटतं.

याला परदेशी खूळ म्हणतात ना, त्याचा मला जास्त राग येतो. लॉ कॉलेज रोडवर भांडारकर इन्स्टिट्यूटमध्ये १९१९ पासून १९६६ पर्यंत लोकांनी महाभारताची १२०० च्या वर हस्तलिखितं एकमेकांशी ताडून पाहिली, कुठला श्लोक मागाहून घुसला, कुठली प्रत कुठल्या प्रतीवरून उतरवली. भाचीच्या सात वेबसाइट्सचं हेच तर करायचंय. ही आपल्याच गावची विद्या आहे, मी कॅनडातून आणलेली नाही.

पानशेतलाही तेच लागू. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं, त्यात खडकवासलाही गेलं. दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र लोकांना त्या क्षणी काय कळलं होतं ते सांगेल, मृतांच्या आकड्यासाठी ते धरू नये. धरण का फुटलं याला चौकशी आयोगाचा अहवाल. पाणी कुठपर्यंत चढलं याला माणसं.

आता खरं सांगते. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडला एकता नगरीत पाणी शिरलं, तेव्हा ग्रुपवर नारायण पेठेचा म्हणून एक व्हिडिओ आला, कमरेइतकं पाणी. मी टॅब उघडला नाही, कोणी टाकला बघितलं नाही, सरळ आईला फोन लावला आणि रडायला लागले. आई म्हणाली, अगं पेठेत काही नाहीये, मी भाजी निवडतेय. व्हिडिओ कुठलातरी जुना निघाला. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांना शिकवते, पण पुण्याचं काही आलं की माझ्याकडे खिडकीच नाही बाहेर डोकवायला, जे येतं तेच पुणं. दादाचं "तिथे बसून" लागलं ते म्हणून.

काल भाचीचाच फोन आला. आजी तेव्हा ११ वर्षांची होती, वाड्याच्या भिंतीवर पाण्याची खूण होती म्हणते, ते संदर्भ म्हणून चालेल का? वाडा पाडून तिथे बिल्डिंग उभी राहिलीये, तुझ्याकडे फोटो आहे का? माझ्याकडे नाहीये. ती खूण लहानपणी रोज बघायचे, आमच्या डोक्याच्या वर होती एवढं आठवतं, पण किती वर ते सांगता येईना. मी म्हटलं आजीचं रेकॉर्ड कर, तारीख घाल, आणि आजीने सांगितलं असंच लिही. माझं नको घालूस.