तेल सांडलं तर आधी खालच्या गावाला कळवा

आज सकाळी निपाणीजवळच्या यमगर्णीपाशी महामार्गावर बराच वेळ अडकलो. टँकर कलंडला होता, काळं तेल निम्म्या रस्त्यावर. जेसीबी आला, टँकर बाजूला ओढला, तेलावर माती टाकली आणि वाहतूक सुरू. ती तेलकट माती मात्र जेसीबीनं सरळ कडेच्या गटारीत ढकलली! गटार ओढ्याला, ओढा वेदगंगा नदीला. पावसाचे दिवस आहेत. एक सर आली की सगळं खाली.

माझं डोकं तिथं फिरलं, कारण याचं पुढं काय होतं ते आमच्या मामांच्या विहिरीवर बघितलंय. असाच एक टँकर वरच्या अंगाला उलटला होता. कुणी काही कळवलं नाही. मामांनी नेहमीसारखी मोटर सुरू केली आणि पाटात तवंग आला. तंबाखूची रोपं करपली. म्हशींनी पाण्याला तोंड लावलं नाही, म्हणून निदान त्या तरी वाचल्या.

नियम नाहीत असं नाही. धोकादायक माल नेणाऱ्या गाडीला अपघात झाला तर ड्रायव्हरनं लगेच जवळच्या पोलीस ठाण्यात आणि मालकाला कळवायचं, हे 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. कारखान्यातून घाण पाण्यात गेली तर 1974 च्या जल कायद्याच्या कलम 31 प्रमाणे तिथल्या प्रमुखानं राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला ताबडतोब कळवायचं. वापरलेलं तेल वाहून नेताना सांडलं तरी धोकादायक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनी मंडळाला कळवायचंच. पोलीस, मालक, मंडळ. आणि मामा? खाली मोटर लावून बसलेल्या माणसाला कळवा, हे या कलमांत कुठंच नाही!

ड्रायव्हर स्वतःच जखमी असतो, आगीची भीती असते, रस्ता मोकळा करावाच लागतो. मान्य. पण गटारीचं तोंड मातीच्या बांधानं अडवायला किती वेळ लागतो? आधी बांध, मग लाकडाचा भुसा नाहीतर वाळू टाकून तेल शोषून घ्यायचं, ती माती पिंपात भरून न्यायची. जेसीबी तर तिथंच उभा होता.

मामा तेव्हा तक्रार घेऊन एका कार्यालयात गेले. तिथले म्हणाले, आमच्याकडं नाही, तिकडं जा. तिकडचे म्हणाले, तेल नेमकं कुणाच्या हद्दीत सांडलं ते आधी लिहून आणा. आपल्याकडं हे कायमचंच. वेदगंगेत मुरगूडच्या बाजूला काही सांडलं तर महाराष्ट्राचं मंडळ, यमगर्णीला आलं की कर्नाटकाचं. त्या खेपा मारताना मामांचा चेहरा कसा उतरला होता, ते आठवलं की राग सुद्धा येत नाही, नुसतं वाईट वाटतं. सत्तरी ओलांडलेला माणूस, स्वतःच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून साहेबांना दाखवत फिरत होता. विहीर उपसायचा खर्च शेवटी त्यांनीच केला. ज्याचं तेल सांडलं त्यानं साफ करायचं म्हणे!

मला एवढंच पाहिजे: नियमात एक ओळ घाला. तेल सांडलं की खालच्या प्रत्येक ग्रामपंचायतीला आणि नळपाणी योजनेच्या जॅकवेलवरच्या (नदीचं पाणी उचलायच्या विहिरीवरच्या) माणसाला त्याच तासात फोन. कर्नाटकानं आधी करावं की महाराष्ट्रानं, याच्याशी मला देणंघेणं नाही.

तोपर्यंत, यमगर्णीच्या खालच्या अंगाला ज्यांच्या मोटरी आहेत त्यांनी उद्या पहाटे चालू करण्याआधी बॅटरी लावून पाणी बघा. तवंग दिसला तर मोटर बंद ठेवा, फोटो काढा, 112 ला सांगा. आणि शेजारच्या मळ्यात पण सांगून या, सगळे काही फेसबुकवर नाहीत.