माशी शिंकते डोळ्यापाशी

रिकामटेकड्या माणसाला मराठीत ‘माशा मारतोय’ म्हणतात. माशा बांधणाऱ्याला काय म्हणावं, याची सोय मात्र भाषेने केलेली नाही. ‘पिसं लागलंय’ म्हणता येईल, आणि ते शब्दशः खरंही असतं. बाहीला, भुवईला, चष्म्याच्या काडीला, सगळीकडे पिसं लागलेली असतात.

ही माशी म्हणजे मासे पकडायला गळाच्या दांडीवर पिसं, केस, लोकर दोऱ्याने बांधून केलेला खोटा किडा. विकतच्या माशा महाग पडतात, घरी बांधल्या की पैसे वाचतात, असं सुरुवातीला प्रत्येकाला वाटतं. पण विकतची माशी एक घेता येते. घरच्या माशीला तीन पिसं लागतात आणि ती अख्ख्या कोंबड्याच्या मानेसकट घ्यावी लागतात. उरलेली मान खपवायला आणखी गळ, त्या गळांना शोभेल असा दोरा, दोऱ्याला साजेसं आणखी एक कातडं. हिशेब न ठेवणं हाच यातला शहाणपणा.

त्यात आकडे. गळाचा नंबर वाढला की गळ लहान होतो. १६ नंबर ट्राउट या माशासाठीच्या इवल्या माशीचा, ४ नंबर स्टीलहेड या मोठ्या माशासाठीचा. पण १ च्या पलीकडे गेलं की १/०, २/० अशी गाडी उलटी फिरते आणि आकड्याबरोबर गळही वाढतो. दोऱ्यात ८/० हा ६/० पेक्षा बारीक, पण एका कंपनीचा ८/० दुसरीच्या ८/० एवढाच असेल याची हमी नाही. म्हणून मी डेनिअर बघावं म्हणतो. ९,००० मीटर दोऱ्याचं वजन ७० ग्रॅम भरलं तर तो ७० डेनिअर. इथे आकडा वाढला की दोरा जाड होतो, म्हणजे तोवर अंगवळणी पडलेलं सगळं पुन्हा उलटं.

पहिली माशी वुली बगर बांधावी. ती जन्मतःच ओबडधोबड असते, त्यामुळे आपली चूक तिच्या रूपात खपून जाते. ६ नंबरचा लांब दांडीचा गळ, १४० डेनिअरचा काळा दोरा, मॅराबू नावाचं हलकं पीस, शेनील म्हणजे मखमली लवेचा जाड दोरा, कोंबड्याच्या पाठीवरचं एक लांब मऊ पीस आणि बारीक तांब्याची तार, एवढंच साहित्य. गळाच्या टोकामागचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून टाकावा. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या नद्यांत काटा दाबलेलाच गळ लागतो. शिवाय दाबताना गळ मोडणारच असेल तर तो रिकामा असताना मोडलेला बरा.

गळ व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या शिकंज्यात, घट्ट बसवला की त्याचं टोक उघडं राहतं. दोरा त्याला नुसता घासला तरी आतला एखादा तंतू तुटतो. बाकीचे लगेच तुटत नाहीत, सभ्यपणे शेपूट बांधून होईपर्यंत थांबतात. मग दोऱ्याचं रीळ धरणारं बॉबिन जमिनीवर आणि शेपूट हवेत. अशा वेळी ओरडायचं नाही. सुटलेलं टोक हॅकलच्या, म्हणजे पीस धरायच्या, चिमट्यात धरून खाली लोंबकळत ठेवायचं, त्याच्यावरून नवा दोरा सुरू करायचा आणि दोन्ही टोकं कापून टाकायची.

शेपूट मॅराबूचं. मॅराबू हे नाव आफ्रिकेतल्या एका करकोच्याचं, पीस मात्र आता टर्कीचं असतं. हे पीस श्वासानेही उडतं, म्हणून बोटं ओली करून ते चोपून घ्यावं. लांबी दांडीएवढीच. जास्त ठेवलं तर गळ फेकताना शेपूट गळाच्या वळणाला गुंडाळतं आणि माशी पाण्यात शेपूट पोटाशी धरलेल्या भित्र्या कुत्र्यासारखी जाते. बांधताना दुसरं संकट. दोरा आपण वरून पलीकडे नेतो, तो पिसालाही ओढत पलीकडे नेतो, आणि शेपूट दांडीच्या वर न राहता कुशीवर लवंडतं. त्यासाठी पीस अंगठा-तर्जनीच्या चिमटीत धरायचं, दोरा सैलसर त्याच चिमटीतून वर न्यायचा, पलीकडून तसाच चिमटीतून खाली आणायचा, आणि चिमटी न सोडता सरळ खाली ओढायचा. असे दोन वेढे झाल्याशिवाय बोटं उचलायची नाहीत. नेमकं तेव्हाच नाक खाजतं, याला उपाय नाही.

मग तार मागे बांधून ठेवायची. शेनीलचं टोक नखाने सोलून आतला दोरा उघडा करायचा आणि तेवढाच बांधायचा, नाहीतर तिथे आवाळू येतं. शेनील गुंडाळत पुढे यायचं, कोंबड्याचं पीस पुढच्या बाजूला बांधायचं, पाच-सहा वेढ्यांत मागे न्यायचं आणि तारेच्या पहिल्या वेढ्याखाली पकडायचं. तार उलट्या दिशेने पुढे आणायची. ट्राउटचे दात पिसाचा देठ कापतात. तार देठाला जागोजागी ओलांडत गेलेली असली तर एका ठिकाणी तुटूनही पीस सुटत नाही. तार संपली की कात्री लावायची नाही. मागे-पुढे हलवत राहिलं की बुंध्याशी आपोआप तुटते. कात्री लावणाऱ्याच्या कात्रीला पुढच्या आठवड्यात पीसही कापवत नाही.

इथवर सगळं नीट झालं तरी माशी शिंकते ती डोळ्यापाशी. डोळा म्हणजे गळाच्या पुढच्या टोकाचं, दोरी ओवायचं भोक. त्याच्यामागे दोन डोळ्यांएवढी जागा मोकळी सोडायची, हे पहिल्या वेढ्यापासून माहीत असतं. पण शेनीलला वाटतं, एक वेढा आणखी बसेल. पिसाला दोन वेढे लागतात, तारेला तीन, आणि शेवटी दोऱ्याचं डोकं बांधायला जागाच उरत नाही. मग माणूस ते सगळं नखाने मागे रेटतो. ते मागे जातंही आणि नख काढलं की परत येतं. खरा इलाज एकच, शेनीलचे दोन वेढे उलगडायचे. पण उलगडण्याइतका मनाचा मोठेपणा रात्री अकरा वाजता कोणाकडे असतो?

तरंगणाऱ्या माशीचा छळ वेगळा. तिच्या अंगाची लोकर दोऱ्यावर पिळून चढवताना, चिमटीत घेतली असेल त्याच्या निम्मी करावी आणि मग पुन्हा निम्मी. तरीही जास्तच होते. मानेभोवतीच्या पिसाचे तंतू गळाच्या फटीच्या, म्हणजे टोक आणि दांडी यांच्यातल्या अंतराच्या, दीड ते दोन पट लांब हवेत. आखूड असले तर माशी बुडते, लांब असले तर लवंडते. १९२२ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये लेन हॅलाडे यांनी बांधलेल्या ॲडम्स माशीत दोन रंगांची पिसं एकत्र गुंडाळावी लागतात, आणि दुसरं पीस पहिल्याचे तंतू दाबतच पुढे येतं. दर वेढ्याला पीस किंचित डावी-उजवीकडे हलवत न्यावं म्हणजे ते वाट काढतं. इंग्लंडच्या फ्रँक सॉयर यांनी फेजंट टेल या माशीतून दोरा काढूनच टाकला आणि तांब्याच्या तारेनेच सगळं बांधलं. त्यामुळे तिला वजनही आलं. मला तो माणूस फार समजूतदार वाटतो.

आणि स्टीलहेड. हा समुद्रात जाऊन आलेला रेनबो ट्राउट, जात तीच. नदीत परतला की तो फारसं खातच नाही, म्हणून त्याला हजार फेकांचा मासा म्हणतात. म्हणजे ज्याला भूक नाही त्याच्यासाठी आपण काळं अंग, रुपेरी तार, लाल शेपूट, बुडाशी झगझगीत हिरवा पट्टा आणि पांढरे पंख अशी ग्रीन बट स्कंक नावाची माशी सजवत बसतो. त्यातही माणसं पंखाला मूठभर केस लावतात. पंख जड झाला की माशी प्रवाहात कुशीवर पोहते, आणि भरगच्च असली तर खोल जातही नाही. पंखाचे केस इतके विरळ ठेवावेत की पलीकडची भिंत दिसावी.

शेवटी व्हिप फिनिशची गाठ. चार-पाच वेढे, हळू ओढायचं, दोरा कापायचा. ओढताना वेढे डोळ्यावर घसरले तर बांधलेलं डोकं टोपीसारखं पुढे निघून येतं. मग सुईच्या टोकाने सिमेंटचा, म्हणजे गाठ पक्की करणाऱ्या लाखेसारख्या द्रवाचा, एक थेंब. थेंब नेहमी दोन पडतात, दुसरा डोळ्यात. ते ओलं असतानाच पिसाचा देठ डोळ्यातून आरपार ओढून घ्यावा. हे काम ‘सकाळी करू’ म्हणून राहतं. मग कमरेएवढ्या गार पाण्यात, बोटांची शुद्ध हरपलेली असताना, लीडरचं, म्हणजे दोरीच्या शेवटच्या बारीक धाग्याचं, टोक ओवायला जावं तर भोक बुजलेलं. डबीतून दुसरी माशी काढावी, तर तीही त्याच रात्री बांधलेली.