मागण्या मान्य होईपर्यंत संगणक बंद करू नका

चौथ्या स्लाइडवर माझा संगणक रीस्टार्ट झाला. कुणी बटण दाबलं नव्हतं, वीज गेली नव्हती, मी त्याच्या वाटेलाही गेले नव्हते. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर माझा आलेख होता, तो गेला आणि त्या जागी ठिपक्यांचं एक वर्तुळ फिरू लागलं. खाली मजकूर आला, ‘अपडेट सुरू आहे. संगणक बंद करू नका.’ समोर अख्खा विभाग बसलेला, शिवाय वरच्या मजल्यावरून खास या आलेखासाठी आलेल्या मॅडम. आणि मी हातात लाल ठिपक्याचा पॉइंटर घेऊन उभी. तो ठिपका मी बराच वेळ त्या वर्तुळाच्या मधोमध रोखून धरला होता म्हणे.

संगणकात कोणत्या कंपनीची प्रणाली आहे, हे मी सांगणार नाही. सांगितलं की दुसऱ्या प्रणालीची माणसं ‘आम्ही म्हणतच होतो’ म्हणत गोळा होतात, आणि तिसऱ्या प्रणालीची माणसं तर पेन ड्राइव्ह घेऊनच येतात.

आयटीतल्या मुलाला बोलावलं. तो आला, पडद्याकडे बघितलं, हाताची घडी घातली. “सूचना दिली होती ना त्याने, ताई.”

“कुठे?”

“खाली, उजव्या कोपऱ्यात.”

म्हणजे पूर्ण पडदा स्लाइडने व्यापलेला असताना, स्लाइडच्या पाठीमागे, कोपऱ्यात, अंधारात. दिली होती हे महत्त्वाचं. मला दिसायला हवी होती, अशी अट बहुधा कुठे लिहिलेली नसावी.

हेही मी गिळलं असतं. पण पडद्यावर ११ टक्के झाले आणि लेखा विभागातल्या भाऊंनी घसा खाकरला.

भाऊंची निवृत्ती जवळ आली आहे. माणूस सज्जन, आवाज खर्जातला, आणि काखेत कायम एक लांबट वही. त्या वहीत काय असतं हे आम्ही कुणी कधी विचारलं नव्हतं. हिशेबाच्या माणसाच्या वहीत हिशेब असणार, एवढ्यावर सगळे समाधानी होतो.

“मॅडम, हे होईपर्यंत मी दोन मिनिटं घेऊ का? विषयाला धरूनच आहे.”

मॅडम म्हणाल्या, घ्या. मला कुणी विचारलं नाही. भाऊ उठून पुढे आले, माझ्या शेजारी उभे राहिले आणि अगदी सहज, पेन मागावं तसा माझ्या हातातला पॉइंटर मागून घेतला.

वही उघडली. प्रत्येक पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे ‘नावे’, उजवीकडे ‘जमा’. संगणकाच्या प्रत्येक अपडेटने माणसाकडून काय काढून घेतलं आणि काय परत दिलं, याची खतावणी भाऊ कित्येक वर्षं लिहीत होते.

“२०१२,” भाऊंनी वाचायला सुरुवात केली. “विंडोज ८. स्टार्टचं बटण. नावे.” चष्मा सारखा केला. “२०१३. विंडोज ८.१. स्टार्टचं बटण. जमा. पण खाली शेरा आहे, बटण आलं, मेन्यू आला नाही. मेन्यू जमा झाला २०१५ साली, विंडोज १० मध्ये. तेव्हा लोकांनी किती कौतुक केलं! आपलीच वस्तू, आपल्यालाच परत. व्याज तर सोडाच.”

“खरंय हो,” मागून कुणीतरी म्हणालं. माझ्या तीन स्लाइडवर हुंकारही न भरणारा हा आवाज होता, तो मी ओळखून ठेवला आहे.

“२०२१. विंडोज ११. टास्कबार, म्हणजे पडद्याच्या तळाची ती चिन्हांची पट्टी, बाजूला किंवा वर नेऊन लावायची सोय, नावे. फाइल ओढून टास्कबारवरच्या प्रोग्रॅमवर टाकायची सोय, नावे. प्रत्येक विंडोचं नावासकट वेगळं बटण, नावे. एका दमात तीन! यातलं ओढायचं २०२२ ला जमा. नावाचं बटण २०२३ ला जमा.”

“आणि टास्कबार हलवायचं?” मॅडम. चक्क मॅडम. वहीत काहीतरी लिहून घेत होत्या.

“ते खातं मी अजून बंद केलेलं नाही, मॅडम.”

आमच्यातला एक मॅकवाला गालात हसत होता. भाऊंनी त्याच्यावर लाल ठिपका मारला. “तुम्ही हसू नका. २०११, मॅकची लायन आवृत्ती. तुमच्या स्क्रोलची दिशाच उलटी केली होती. आदल्या दिवशी बोटं खाली ओढली की पान जिकडे जायचं, दुसऱ्या दिवशी त्याच्या उलट.”

“मग ते नावे की जमा?” एका नव्या मुलीने प्रामाणिकपणे विचारलं.

“ती जर्नल एन्ट्री,” भाऊ म्हणाले. “इकडचं तिकडे केलं, रोख काही हलली नाही. आणि मग २०२२ साली यांच्याच व्हेंचुरामध्ये सगळ्या सेटिंग्जची मांडणी बदलली. रोज जिथे हात जायचा तिथे हात गेला आणि खाली काहीच नाही.” लिनक्सवाल्याने मान खाली घातली होती, पण तोही सुटला नाही. “ग्नोम ३, तुमच्या लिनक्सचा डेस्कटॉप. तेही २०११. विंडो खाली मिटवून ठेवायचं बटण, नावे. का? तर त्यांच्या मते मिटवायची गरजच नाही.”

“आणि २०१८ चं?” आयटीतल्या मुलाने हळूच विचारलं. विंडोज १० च्या त्या ऑक्टोबरच्या अपडेटमध्ये काही लोकांच्या स्वतःच्या फायली गायब झाल्या आणि कंपनीला वाटपच थांबवावं लागलं होतं.

भाऊंनी वही किंचित मिटली. “ते मी नावे नाही लिहिलं. ते बुडीत.”

खोलीत दोन क्षण कुणी बोललं नाही. पडद्यावर ३० टक्के झाले होते.

इथे मला थोडं या टक्क्यांविषयी बोलायचं आहे, कारण तेव्हा बोलायला मिळालं नाही. काम किती झालं हे दाखवणारी पट्टी वापरणाऱ्याला हवीहवीशी वाटते, हे ब्रॅड मायर्स या संशोधकाने १९८५ सालीच दाखवून दिलं होतं. काम तितकंच, वेळ तितकाच, पण पट्टी सरकताना दिसली की माणूस शांत बसतो. पुढे इतरांनी हेही तपासलं, की पट्टी शेवटाकडे भराभर पळाली तर तोच वेळ कमी वाटतो. थोडक्यात, चाळीस वर्षांत आपल्या वाट पाहण्यावर बऱ्यापैकी अभ्यास झालेला आहे. वाट पाहायला लावू नये यावर किती झाला, हा प्रश्न मी नुसताच विचारून ठेवते. माझी पट्टी तर पळतही नव्हती. ती ३० वर बसली होती.

“हे ३० टक्के कशाचे?” भाऊंनी आयटीतल्या मुलाला विचारलं.

“म्हणजे... अपडेटचे.”

“अपडेटमधल्या कशाचे? वेळेचे? फायलींचे? अरे, शंभर म्हणजे किती हे न सांगता टक्का लिहिला तर ऑडिटर पान फाडतो. इथे कोट्यवधी लोक रोज बघतायत आणि एकालाही विचारावंसं वाटत नाही?”

टाळ्या. माझ्या विभागात कामाच्या वेळेत वाजलेल्या मला आठवणाऱ्या पहिल्या टाळ्या.

मग मॅडमनी तो प्रश्न विचारला, ज्यामुळे माझा आलेख कायमचा गेला. “ठीक आहे, मग पुढच्या अपडेटकडून आपल्या अपेक्षा काय?”

वर्षभर ज्या माणसांकडून एक सूचना मागितली तर ‘तसं सगळं ठीकच आहे’ एवढंच यायचं, ती माणसं हात वर करून उभी राहिली. एकीला शोधायच्या चौकटीत फाइलचं नाव टाकल्यावर फाइल हवी होती. सध्या तिला त्या नावाची इंटरनेटवरची माहिती मिळते, फाइल मात्र डेस्कटॉपवर, डोळ्यांसमोर पडलेली असते. एकाला पासवर्ड टाइप करत असताना दुसरी विंडो उडी मारून पुढे यायला नको होती. त्याचा अर्धा पासवर्ड एकदा ग्रुपमध्ये गेला आणि त्यावर कुणीतरी अंगठाही दाखवला. कुणाला स्टार्ट मेन्यूत जाहिराती नको होत्या, कुणाला न मागितलेला हुशार मदतनीस नको होता, कुणाला प्रत्येक अपडेटनंतर ‘तुमच्यासाठी सुचवलेली सेटिंग्ज’ नको होती. विंडोजमध्ये २०१२ पासून कंट्रोल पॅनल आणि सेटिंग्ज अशी दोन दप्तरं शेजारी शेजारी चालू आहेत आणि हवी ती गोष्ट दुसऱ्याच दप्तरात निघते, ती एकत्र करा, असंही आलं. फाइल कॉपी होताना उरलेला वेळ खरा सांगावा, आणि खरा माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ असं लिहावं, ही लेखा विभागातल्या एका ज्युनियरची मागणी होती. भाऊंनी तिच्याकडे अभिमानाने पाहिलं.

सगळ्यात जोरदार पाठिंबा मिळाला तो मात्र एका साध्या मागणीला: ‘आत्ता करा’ आणि ‘नंतर आठवण करा’ यांच्या शेजारी ‘नको’ असं तिसरं बटण.

एवढ्या माणसांमध्ये एकानेही नवीन काही मागितलं नाही. आयटीतल्या मुलाला विंडोचे कोपरे आणखी गोल हवे होते, पण ते त्याने वातावरण बघून मागे घेतलं.

तो बिचारा म्हणाला, “पण ताई, अपडेट लागतातच. सुरक्षेची भोकं बुजवायला नकोत?” हवीत ना. मला तेवढं कळतं. मायक्रोसॉफ्ट २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ती बुजवत आलं आहे, इतरही आपापल्या परीने बुजवतात, आणि बुजवली नाहीत तर काय होतं हे वाचून मलाही झोप येत नाही. माझं भांडण भोकांशी नाही. पण गळका नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाने जाता जाता दाराची कडी डावीकडून काढून उजवीकडे लावावी आणि वर ‘अनुभव कसा वाटला?’ म्हणून पाच तारे पुढे करावेत, हे काय आहे? सुरक्षा हवी असेल तर हेही घ्यावं लागेल, ही जी बळजबरी आहे ती मला विनोदी वाटत नाही. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही संगणकातली सुरक्षेची सोय आणि ठरावीक यादीतले प्रोसेसर लागतात. त्या अटीत न बसणारे कितीतरी संगणक आदल्या संध्याकाळपर्यंत नीट चालत होते. दुसऱ्या दिवशीही नीटच चालत होते. फक्त ते आता जुने आहेत असं कुणीतरी ठरवलं होतं.

भाऊंचा आवाज इथेच काय तो चढला. “वस्तू माझी, पैसे मी दिले, तर घसारा मी काढीन! तो काढणारे हे कोण?”

पडद्यावर १०० टक्के झाले. सगळ्यांनी श्वास सोडला. मी पॉइंटरसाठी हात पुढे केला. पडदा काळा झाला, पुन्हा उजळला, आणि नवीन मजकूर आला, ‘जवळजवळ झालंच.’ त्यानंतर ‘आणखी थोडी कामं उरली आहेत’. मग एक निळं-जांभळं चित्र आणि ‘नवीन काय आहे ते पाहूया’. त्याला ‘नंतर’ म्हटलं, तर ‘तुमचा संगणक पूर्णपणे तयार करूया’. मॅडमनी घड्याळ पाहिलं.

“फार छान झाली मीटिंग,” त्या म्हणाल्या. “इतका मोकळा संवाद बऱ्याच दिवसांनी झाला. भाऊ, थँक यू.” मग माझ्याकडे वळून, “तुमचा तो आलेख मेल करून टाका ना.”

मेल केला. अजून कुणी उघडलेला नाही.

संध्याकाळी बैठकीचं इतिवृत्त आलं. विषय: संगणक प्रणालीच्या आगामी अपडेटकडून अपेक्षा. सादरकर्ते: भाऊ. त्याखाली ‘तांत्रिक साहाय्य’ असं लिहून माझं नाव. पुढे निर्णय: सर्व मागण्या कंपनीच्या अभिप्राय-खिडकीतून कळवाव्यात, कार्यवाही, पुन्हा माझं नाव. त्या खिडकीत एका वेळी एकच मागणी लिहिता येते आणि प्रत्येकीनंतर ती विचारते, की हा अभिप्राय देण्याचा अनुभव कसा होता.

दुसऱ्या दिवशी भाऊ वही घेऊन माझ्या टेबलाशी आले. “ताई, काल तुमचा जो वेळ गेला त्याची नोंद राहिली आहे.”

“नावे लिहा,” मी म्हटलं. “ठळक लिहा.”

“नावे तर खरंच. पण खातं कुठलं? कंपनीकडून येणे म्हणून दाखवायचं तर त्यांनी मान्य करायला हवं.” त्यांनी माझा संगणक स्वतःकडे वळवला, सेटिंग्जमध्ये शिरले (कितव्या दप्तरात, ते मी पाहिलं नाही) आणि करारनामा उघडून शांतपणे वाचू लागले. हा मजकूर आजवर कुणी वाचला असेल असं मला वाटत नव्हतं. वाचणारा माणूस माझ्या खुर्चीवर बसला होता आणि मी उभी होते.

बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली. “इथे तुम्ही ‘मान्य आहे’ दाबलेलं आहे. म्हणजे हे येणे होत नाही. हे तुम्ही स्वखुशीने दिलेलं आहे.”

आणि त्यांनी माझा वेळ देणगी खात्यात टाकला. मी पावती मागितली.

“पुढच्या अपडेटमध्ये,” भाऊ म्हणाले.