विग आधी उलटा करून बघा

आज एका बाईंनी डोक्यावरचा विग उतरवला आणि आतली बाजू बघून माझं डोकंच फिरलं. किमोमुळे डोक्यावर एक केस नाही आणि विगच्या आत तीन कंगवे शिवलेले. दोन कानशिलांपाशी, एक मानेवर. हे कंगवे असलेल्या केसांत रुतवून विग धरून ठेवण्यासाठी असतात. केसच नसतील तर ते रुतणार कशात? कातडीत! दोन्ही कानशिलांवर दातांचे लाल ठिपके, अक्षरशः मोजता येतील असे. टोचू नये म्हणून बाईंनी रुमालाची घडी घातली होती, त्यामुळे विग पुढून उचलला जात होता. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, "होईल सवय."

सवय कसली डोंबलाची?

विग घ्यायला गेलं की सगळे केस बघतात. लांबी, चमक, रंग. अहो, दिवसभर डोक्याला लागून असते ती आतली टोपी! आधी ती बघा. साध्या टोपीत केसांच्या पट्ट्या ओळीनं शिवलेल्या असतात. हवा खेळते, वजन कमी असतं, पण शिवणी उघड्या टाळूला घासतात आणि भांग शिवलेला असेल तिथेच पाडावा लागतो. मोनोफिलामेंटमध्ये बारीक जाळीवर एकेक केस हातानं गुंफलेला असतो, त्यामुळे भांगातून टाळूसारखं दिसतं आणि भांग हवा तिकडे फिरवता येतो. तो नुसता भांगापुरता आहे की पूर्ण माथ्यावर, हे विचारून घ्या. पुढे लेस, म्हणजे कपाळाशी लागणारी पातळ जाळी, असेल तर केस मागे घेतले तरी कपाळाची रेषा खरी वाटते. टक्कल पूर्ण असेल तर मऊ, हातानं गुंफलेली टोपी घ्या. कानशिलांशी आणि मानेशी सिलिकॉनच्या किंवा पॉलियुरेथेनच्या पट्ट्या असतील तर उत्तमच, त्या कातडीला धरून राहतात. कंगवे नकोत, क्लिपा नकोत.

माप टेपनं घ्या, अंदाजानं नको. कपाळावरच्या केसांच्या रेषेवरून कानांच्या मागून मानेच्या खळगीपर्यंत पूर्ण घेर, मग कपाळापासून मानेपर्यंत माथ्यावरून, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. घेर साधारण ५४ ते ५७ सेंटीमीटर आला तर मध्यम माप. केस असताना घेतलेलं माप केस गेल्यावर सैल पडतं, तेव्हा मागचे पट्टे आवळता येतात ना ते पाहा. सैल विग मागे सरकतो आणि घट्ट विग वर चढतो. त्या बाईंचा घट्टच होता, त्यात तो रुमाल.

आता दाटपणा. बाईंना कंबरेपर्यंतचा, १८० टक्के डेन्सिटीचा, म्हणजे फारच दाट विग दिला होता. कपाळाशी इतके दाट केस कुणाचे असतात हो? आपले केस तिथे विरळ, बारीक असतात. विग ओळखू येतो तो तिथेच, रंगाचं नंतर. रोजच्यासाठी १०० ते १३० पुरे. लांब केसांची हौस असते, मान्य. पण लांब सिंथेटिक केस कॉलरवर घासून मानेपाशी पिंजारतात आणि ते पुन्हा पहिल्यासारखे होत नाहीत. खांद्याच्या वर ठेवा, जास्त टिकेल.

"खरे केसच घ्या" म्हणणाऱ्यांचं मला कधीच पटलेलं नाही. खरे केस वर्षभर किंवा जास्त टिकतात, रंगवता येतात, हे खरंच. पण दर धुण्यानंतर सेट करावे लागतात आणि आजारपणात तेवढी ताकद असते कुणाकडे? सिंथेटिक रोज वापरून चारसहा महिने टिकतो, पण धुऊन वाळला की आपोआप बसतो. गार पाणी, थोडा शाम्पू, चोळायचं नाही, पिळायचं नाही, ओला असताना विंचरायचा नाही. आणि ओव्हनचं दार उघडताना तोंड लांब ठेवा. एका झोतात पुढच्या बटा आखडतात.

केस नुसते विरळ झाले असतील तर पूर्ण विग कशाला? टॉपर घ्या, म्हणजे फक्त माथ्यावर क्लिपांनी लावायचा केसांचा तुकडा. इथे क्लिपा चालतात, कारण धरायला केस आहेत. बेस विरळ भागापेक्षा सगळीकडून दोनतीन सेंटीमीटर मोठा हवा, म्हणजे क्लिप दाट केसांवर बसेल. रोज त्याच जागी लावलीत तर ओढ बसून तिथलेही जातील. जागा बदलत राहा, झोपताना काढा. पुरुषांच्या टक्कल झाकायच्या पॅचला टेप किंवा गोंद लागतो, तर आधी कोपराच्या आत लावून दोन दिवस थांबा. आणि पुढची रेषा विशीतल्यासारखी खाली ओढू नका, कृपा करा.

राग आला होता म्हणून एवढं लिहिलं. पण ज्यांची किमो सुरू व्हायची आहे त्यांना शांतपणे सांगते. केस बहुधा पहिल्या डोसनंतर दोनतीन आठवड्यांनी गळू लागतात. सगळ्याच औषधांनी जातात असं नाही, डॉक्टरांना विचारा. जाणार असतील तर आधीच विग बघायला जा, अंगात बळ असतं. आपली एक बट कापून ठेवा, खिडकीच्या उजेडात पुढून आणि बाजूनं फोटो काढा. नंतर स्वतःच्या केसांचा रंग नेमका सांगता येत नाही, खरंच येत नाही. विग घालून खाली वाका, मान हलवा, अर्धा तास तसंच बसा. टोचला तर तो घेऊ नका, कोणी काहीही म्हणो.

बाईंचा विग वाया घालवला नाही. तिन्ही कंगव्यांची शिवण एकेक टाका उसवून काढली, रुमालाऐवजी पातळ सुती टोपी दिली, मागचे पट्टे सोडले. कपाळाशी आतल्या बाजूनं केस विरळ केले, लांबी खांद्यापर्यंत आणली. कानशिलं बरी होईस्तोवर विग नाही, नुसता मऊ स्कार्फ. जाताना त्यांनी कंगवे मागून घेतले. विकणाऱ्याला नेऊन दाखवणार आहेत म्हणे.