खुलासा: ‘आधी शिक्षण-पैसा, मग लोकशाही’ हे खरं नाही

खानापूर-निपाणीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर मेसेज फिरतोय: देश शिकला, श्रीमंत झाला की मगच लोकशाही येते. तसं नाही. १९५१ साली भारतात साक्षरता जेमतेम १८ टक्के, तरी १९५१-५२ ला निवडणूक झालीच. तेव्हा आपलं बेळगाव मुंबई राज्यात होतं. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, वर चिन्ह. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही आपली पेटी कळायची. पैशानं लोकशाही टिकायला मदत होते, एवढं मात्र खरं. पण स्पेनमध्ये हुकूमशहा फ्रँको १९७५ ला वारल्यावर कामी आली ती वाटाघाट: जुन्या राजवटीतली माणसं विरोधकांशी बोलली, कम्युनिस्टांवरची बंदी उठली, १९७७ ला मतदान झालं. आणि सिंगापूर? पैसा रग्गड, सत्ता १९५९ पासून एकाच पक्षाकडे.