‘बाहेरची’ मुलं : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर,

नमस्कार. गोव्यात आमच्या शेजारच्या बांधकामावर राहणाऱ्या, शाळा सुटलेल्या परराज्यातल्या मजुरांच्या मुलीबद्दल मी लेख लिहिला, त्यावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. तुम्ही डिचोलीकडचे, चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेलं, म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं बरं वाटलं नाही.

आधी फोटोचं. मुलीचा चेहरा दाखवायला नको होता, असं तुम्ही म्हणता. बरोबर आहे. फोटो त्याच रात्री काढून टाकला. तिच्या आईला मी विचारलं होतं, तिने मान हलवली होती. पण ज्या घरच्या नळावर रोज पाणी भरायचं, त्या घरातल्या मुलीला ती नाही कसं म्हणणार? हे तुम्ही लिहीपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

‘एसी गाडीतून उतरून गरिबी बघायला जाणारी पिढी’ हेही मला लागू आहे. मात्र मला गरिबी बघायला कुठे जावं लागलं नाही. मी पाचवीत असताना पर्वरीच्या आमच्या घरावर वरचा मजला चढला. मागच्या अंगणात पत्र्याची खोली घालून एक कामगार कुटुंब आठ महिने राहिलं. त्यांचा मोठा मुलगा माझ्याच वयाचा. सकाळी बालरथ, म्हणजे शाळेची बस, फाटकाशी यायचा, मी दप्तर घेऊन चढायचे आणि तो वाळूच्या ढिगावर बसून बघायचा. तो शाळेत का येत नाही, हा प्रश्न आठ महिन्यांत मला एकदाही पडला नाही. घरात कुणालाच पडला नाही. माझी माणसं वाईट नाहीत. गणेश चवथीला आईने त्यांना नेवऱ्या, म्हणजे करंज्या, दिल्या होत्या. त्या मजल्यावरची खोली पुढे माझी झाली. हे उत्तरही तिथेच बसून लिहिते आहे.

आता तुमचा मुख्य मुद्दा. ही मुलं गोव्याची नव्हेत, त्यांची सोय त्यांच्या राज्याने करावी. सर, गृहिणींसाठीच्या गोवा सरकारच्या गृहआधार योजनेचे महिना दीड हजार रुपये मिळवायला पंधरा वर्षांचं वास्तव्य लागतं, ते सरकारने ठरवलं आहे, त्यावर मी वाद घालत नाही. शाळेला मात्र तशी अट नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात सहा ते चौदा वर्षांचं मूल एवढंच पाहिलं जातं. शिवाय इथे इमारत उभी राहते तेव्हा बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर कामगारांच्या कल्याणासाठी इथेच जमा होतो. त्याचा लाभ घ्यायचा तर वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला हवा, आणि दर दोन महिन्यांनी साइट बदलणाऱ्या बाईला तो कोण देणार?

आणखी एक. गोवा मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगाव मराठी शाळा निघाल्या. माझी आजी तशाच एका शाळेत, नऊ वर्षांची होऊन, पहिलीत बसली. तिला अक्षर शिकवणारे मास्तर कोल्हापूरकडचे होते. आजी अजून त्यांचं नाव हात जोडून घेते. ते घाटावरचे, हे तिच्या तोंडून तक्रार म्हणून मी कधी ऐकलं नाही.

‘आईबापांनाच पडलेली नाही’ हे तुमचं वाक्य मला सर्वांत जास्त लागलं, कारण लेख लिहिण्यापूर्वी मीही तेच धरून चालले होते. ही माणसं विजापूरकडची, लमाणी. मुलगी दहा वर्षांची. गावच्या कन्नड शाळेत ती तिसरीपर्यंत शिकली. इथे आल्यावर तिची आई तिला घेऊन एका शाळेत दोनदा गेली होती. आधार कार्ड, लसीकरणाचं कार्ड, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून. दोन्ही वेळा ‘गावचा शाळा सोडल्याचा दाखला आणा’ म्हणून परत पाठवलं. दाखल्यासाठी गावी जायचं म्हणजे जाण्यायेण्याचं भाडं आणि तीन दिवसांची मजुरी बुडणार. तिसऱ्या वेळी मी बरोबर गेले. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे त्याच कायद्याच्या पाचव्या कलमात आहे. त्याची प्रत मी नेली होती, पण ती पिशवीतून काढायचीही वेळ आली नाही. मला खुर्ची दिली, चहा विचारला आणि दहा मिनिटांत मुलीचं नाव लिहून घेतलं. तिची आई तेवढा वेळ दाराशी उभी होती. त्या दिवसापासून मला नीट झोप लागत नाही, सर.

मुलगी अकरा दिवस शाळेत गेली, मग खंड पडला. तिचा भाऊ दीड वर्षाचा आहे. अंगणवाडीत तीन वर्षांच्या आधी बसवून घेत नाहीत. पाळणाघर कायद्याने मोठ्या बांधकामावरच बंधनकारक, आणि या साइटवर बायका सातच आहेत. स्लॅब असला की आईला घमेलं सोडता येत नाही, म्हणून मूल हिच्या कडेवर. आता ती आठवड्यातून दोन-तीन दिवस जाते. त्या दिवशी दुपारचं जेवणही तिथेच होतं. उरलेले दिवस भावाला घेऊन आमच्या पोर्चमध्ये येते आणि मी तिच्याबरोबर बसते. पैसे देत नाही. ‘पैसे देऊन सवय लावू नका’ या तुमच्या सूचनेशी मी सहमत आहे.

इथेच मला तुमची गरज आहे. ती घरी लमाणी बोलते, मुकादमाशी हिंदी, दुकानात कोकणी, आणि वाचते कन्नड. शाळेत ‘हिला काही येत नाही’ असा शेरा मिळाला, कारण देवनागरी येत नाही. पण क-ख-ग-घ तिला तोंडपाठ आहे, क्रम तोच आहे, फक्त आकार वेगळे. ‘ळ’ तर इतका स्वच्छ म्हणते की ऐकत राहावं. मी तिला पहिलीच्या पुस्तकापासून सुरुवात करून दिली तर ती कंटाळली. दहा वर्षांच्या मुलीला ‘कमळ बघ’ वाचायला लाज वाटते.

तर कन्नड अक्षरासमोर देवनागरी अक्षर मांडून बाराखडीने जाऊ, की थेट तिच्या रोजच्या शब्दांवरून? घमेलं, वाळू, विटा, बाळ असे शब्द मी वहीत काढून ठेवले आहेत. तुम्ही चौथीपर्यंतचे वर्ग एकट्याने सांभाळलेत, तुम्हाला हे ठाऊक असणार. इमारतीचा शेवटचा स्लॅब महिन्याभरात पडेल आणि मग ते कुठल्या साइटवर जातील सांगता येत नाही, म्हणून कृपया लवकर कळवा.